झाकलेलं कोंबडं

उपासना संपून लोक चर्चच्या पायऱ्या उतरत होते, आणि खाली एक अनोळखी माणूस डोळ्याला दुर्बीण लावून मनोऱ्याकडे बघत उभा होता. बाकीचे त्याला वळसा घालून गेले. थोरलीबाई वळसा घालणाऱ्यांतली नव्हती. काठी टेकत ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"देव शोधताय का? तो आत असतो. आता तर गर्दीही नाही."

माणसानं दुर्बीण खाली केली. "मी निवडणूक अधिकारी. तो वर कोंबडा आहे ना?"

"आहे. मग? तुम्हाला चावला?"

"कोंबडा हे एका उमेदवाराचं चिन्ह आहे, आजी. तुमच्या चर्चच्या हॉलमध्ये मतदान व्हायचंय. मतदानाच्या जागी डोक्यावर चिन्ह चालत नाही. आमच्याकडे तक्रार आलीय. उतरवा, नाहीतर झाका."

चर्चवर कोंबडा का असतो, हे त्याला माहीत नसावं. येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, आपल्या धन्याला तीनदा नाकारलं आणि कोंबडा आरवला. तेव्हापासून तो मनोऱ्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, की बाबांनो, तुम्हीही त्यातलेच. आणि हा पत्र्याचा कोंबडा तर थोरलीबाईच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेला. पत्र्याचं काम करायचा तो. त्याच्या बादल्या गळल्या, डबे गंजले, तो स्वतःही गेला. कोंबडा तेवढा राहिला.

"तक्रार कुणाची?" थोरलीबाईनं विचारलं.

"कंदील पक्षाच्या सेक्रेटरीची."

थोरलीबाई मागे वळली. कंदील पक्षाचा सेक्रेटरी तिच्यामागे खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

"ऊठ," ती आपल्या लेकाला म्हणाली. "कमरेत उसण भरेल."

आता कुणाला वाटेल, तिनं लेकाला तिथंच सोलून काढलं. पण तसं झालं नाही, कारण थोरलीबाई जन्माची कंदीलवाली. तिचा बाप मिरवणुकीत सगळ्यात पुढे कंदील धरायचा. माहेराहून तिनं दोन गोष्टी आणल्या, एक प्रार्थनेची सवय आणि दुसरा कंदील. देवाच्या खालोखाल कंदील आणि मग बाकी सगळं, नवऱ्यासकट. रोज संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत ती आजाऱ्यांसाठी मागायची, प्रवाशांसाठी मागायची, मग कंदिलासाठी. पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं, की विरोधकांसाठीही मागत जा. तेव्हापासून ती पुढे जोडायची, "कोंबडेवाल्यांनाही सुबुद्धी दे, पण निवडणुकीनंतर दे."

तेव्हा पायऱ्यांवर क्षणभर विचार करून ती म्हणाली, "झाका. चार दिवस झाकला तर काही गुदमरत नाही तो."

घंटा वाजवणारा म्हातारा वर चढला आणि त्यानं कोंबड्यावर बटाट्याचं पोतं घालून मानेशी सुतळी आवळली. तो खाली उतरल्यावर सगळ्यांनी वर पाहिलं. चर्चच्या टोकावर कुणाला तरी फाशी दिल्यासारखं दिसत होतं.

"हे नको," पाळकसाहेब म्हणाले. "उद्या लग्न आहे इथे."

मग थोरलीबाईनं जुना फुलाफुलांचा पडदा काढला आणि सुनेला मशीनवर बसवलं.

"माप, आई?"

"माझ्या हातात आहे," असं म्हणून तिनं दोन हात हवेत असे धरले, जणू त्यांच्यामध्ये काहीतरी जिवंत आहे. सुनेनं तेवढं शिवलं. अंगरखा बिनचूक बसला. एवढा बिनचूक, की फाशीचा माणूस गेला आणि मनोऱ्यावर फ्रॉक घालून नटलेला कोंबडा दिसू लागला.

इथून खरं दुखणं सुरू झालं. इतकी वर्षं त्या कोंबड्याकडे मान वर करून कुणी पाहिलं नव्हतं. आता रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबायचा, वर बघायचा, आणि जी म्हण आपल्या भाषेत प्रत्येकाच्या जिभेवर जन्मापासून बसलेली आहे ती म्हणायचा. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही." पोस्टमन म्हणाला. दूधवाली म्हणाली. शाळेच्या बाई मुलांची रांग थांबवून म्हणाल्या आणि मुलांकडून म्हणवून घेतली. नवरी मुलीच्या मामानं तर लग्नात भाषणच तिथून सुरू केलं.

कोंबडा चिन्हाचा उमेदवार म्हणजे चर्चसमोरचा सलूनवाला. त्याला काहीच करावं लागलं नाही. तो दाढीला साबण लावायचा, खुर्ची खिडकीकडे फिरवायचा, आणि गिऱ्हाईक आपणहून म्हण म्हणायचं. कंदीलवाल्यांनी पुन्हा तक्रार केली. दुर्बीणवाल्या अधिकाऱ्यानं वर विचारलं, की म्हण म्हणणं हा प्रचार धरायचा का. वरून उत्तर आलं, म्हणीला खर्च नसतो, सबब ती खर्चात दाखवता येत नाही.

मग एका दुपारी लेक आईसमोर येऊन बसला. हा लेक खुर्चीच्या टोकावर बसला की काहीतरी नडलेलं आहे हे ओळखावं.

"आई, शाखेत ठरलंय. पडदा काढायचा."

"देवानं ऐकलं."

"आणि कोंबडाही. मुळातून कापायचा. दांडा बुडाशी गंजलाय, सुटा होणार नाही. चर्चवाले म्हणतात, वस्तू बाबांनी दिलेली, तेव्हा घरच्यांचं काय ते सांगा. शनिवारी अधिकारी येणार आहे. तू फक्त हो म्हण."

"मग निवडणूक झाल्यावर परत बसवणार?"

लेक स्वतःच्या नखांकडे बघत म्हणाला, "कापलेलं कसं बसवणार, आई? नवा आणू एखादा. बाजारात छान छान मिळतात. फायबरचे."

थोरलीबाईनं त्याला हाकललंसुद्धा नाही. सून स्वयंपाकघरातून डोकावली, कारण या घरात एवढी शांतता बरी नसते.

त्या दिवशी थोरलीबाई नवऱ्याच्या जुन्या दुकानामागच्या दोन खोल्यांत पुन्हा जाऊन आली, बसल्या जागेवरून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वादळात चर्चवरचा जुना कोंबडा उडून गेला आणि नवा करायचं काम नवऱ्याकडे आलं. त्यानं शेजारचा कोंबडा आणून पत्र्यावर आडवा धरला, की भोवतीनं खिळ्यानं रेघ ओढावी. कोंबड्यानं त्याचा अंगठा फोडला. दुसऱ्यांदा फोडला. शेवटी तीच उठली, शेजारची गरीब कोंबडी घेऊन आली आणि पत्र्यावर निजवून दोन्ही हातांनी धरून बसली. कोंबडीचं काळीज तिच्या तळव्याखाली धडधडत होतं आणि तिचं स्वतःचं दुसऱ्याच कारणानं, कारण नवऱ्याचं डोकं एवढं जवळ दिवसाउजेडी कधी आलं नव्हतं. त्यानं रेघ मारली, वरून मोठा तुरा चढवला, शेपटीला डाख देऊन तीन पट्ट्या जोडल्या.

"पाय तर कोंबडीचेच राहिले," ती म्हणाली. "देवाला कळेल."

"त्यानंच केलीय ना कोंबडी? मग कळू दे त्याला. बाकी कुणाला सांगू नकोस. हे तुझं-माझं."

पुढे जन्मभर पेत्राचा धडा वाचायला निघाला, की बाकावर ही दोघं एकमेकांकडे बघायची नाहीत. बघितलं असतं तर चर्चमधून बाहेर काढलं असतं. तो गेल्यावर कपडे वाटून टाकले, दुकान दुसऱ्यानं घेतलं, कात्र्या-हातोड्या लेकानं मोडीत घातल्या. त्याच्या तिच्यातलं म्हणावं असं हे एवढंच उरलं होतं. सुनेला नाही, बहिणीला नाही, पाळकसाहेबांनाही तिनं कधी सांगितलं नव्हतं. झाकली मूठ. आता ती उघडली तर कोंबडी वाचणार, आणि नाही उघडली तर मूठ राहणार पण वर काही नसणार.

शनिवारी पाळकसाहेबांच्या खोलीत सगळे जमले. अधिकारी टेबलाशी, लेक त्याच्या उजवीकडे, सलूनवाला डावीकडे, आणि दाराशी घंटेवाला करवत घेऊन.

"बोला आजी," अधिकारी म्हणाला. "कोंबडा उतरवायला घरच्यांची हरकत नाही, असं लिहू?"

थोरलीबाईनं डोळे मिटले. ओठ हलले; प्रार्थना होती की माफी, ते तिचं तिला ठाऊक.

"तो कोंबडा नाही," ती म्हणाली. "ती कोंबडी आहे. मीच धरली होती. पाय बघा दुर्बिणीतून, कोंबड्यासारखा मागे काटा नाही."

सांगून ती थांबली. आता खोलीत कल्लोळ होईल, मग आपण काठी आपटू, असा तिचा हिशेब होता. पण आ वासला तो एकट्या अधिकाऱ्यानं. पाळकसाहेब छताकडे बघत होते. घंटेवाला करवतीचे दात मोजत होता. सलूनवाल्याला खोकला आला.

थोरलीबाईनं एकेकाचं तोंड पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"वहिनी," घंटेवाला म्हणाला, "बसवताना शिडी मी धरली होती ना. दादा वरून म्हणाले, जपून रे, अंडं घालेल. मग सांगणं आलंच. म्हणाले, फक्त तुला सांगतोय."

"मला माझ्या आधीच्या पाळकसाहेबांनी सांगितलं," पाळकसाहेब म्हणाले. "कारभार सोपवताना. किल्ल्या, गळकं छप्पर आणि ती कोंबडी."

"तुझ्यापर्यंत कशी आली?" तिनं सलूनवाल्याला विचारलं.

"दाढी करताना, काकू. तोंडाला साबण होता तरी काकांना राहवलं नाही. म्हणाले, तुला कळलंय हे तुझ्या काकूला कळू देऊ नको."

"मग इतके दिवस गप्प का बसलास? एका शब्दात मिटलं असतं."

"पडदा माझ्या फायद्याचा होता," सलूनवाला सरळ म्हणाला. "पण करवत लागली असती तर बोललो असतो. आधी तुम्हाला बाजूला नेऊन विचारलं असतं."

मग तिनं लेकाकडे मान वळवली. लेक पुन्हा बुटाकडे वाकू लागला होता.

"वर बघ. तुलाही?"

"शाळेत होतो तेव्हा. बाबा म्हणाले, आईला वाटू दे की तिला एकटीलाच ठाऊक आहे. तिला बरं वाटतं."

"आणि ठाऊक असून तक्रार केलीस?"

"कोंबडी म्हणून केली असती तर घेतली नसती ना त्यांनी."

अधिकारी दोन्ही हातांनी आपली मान चोळत होता. "म्हणजे सगळ्या गावाला माहीत, आणि मी एकटा वर बघून मान मोडून घेतोय." मग त्यानं पेन उचललं आणि मोठ्यानं म्हणत म्हणत लिहिलं, "सदर पक्षी मादी असल्यामुळे नियमाचा भंग होत नाही."

घरी आल्यावर थोरलीबाईनं काठी कोपऱ्यात फेकली आणि भिंतीवरच्या तसबिरीसमोर उभी राहिली. चारचौघांत ती नवऱ्याला अहो म्हणायची आणि दोघंच असली की मेल्या. आता त्या शिवीची नुसती माहिती झाली होती, पण तिनं ती दिली.

"मेल्या, तोंडात तीळ भिजला नाही तुझ्या? न्हाव्याला सांगितलंस? साबण खात खात? आणि मी इथे बहिणीला सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीला. मरताना तिनं विचारलं होतं, चर्चमध्ये तुम्ही दोघं कसलं हसू दाबता गं. मी म्हटलं, काही नाही."

ती बोलत राहिली. गळक्या बादल्यांवर गेली, उधारीवर दिलेल्या डब्यांवर गेली, तिच्या बापाच्या कंदिलाला त्यानं एकदा मोडकं भांडं म्हटलं होतं तिथवर गेली. सून डाव हातात घेऊन दारात आली.

"कुणाशी भांडताय, आई?"

"तुझ्या सासऱ्याशी. तू जा, मध्ये पडू नकोस."

सून गेली आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "काही म्हणा, आईंचा आवाज किती दिवसांनी असा मोकळा लागला." जेवायला बसल्यावर थोरलीबाईनं दोनदा वाढून घेतलं.

मतदानाच्या दिवशी मनोऱ्यावरची कोंबडी पडद्याशिवाय वाऱ्यावर फिरत होती, आणि रांगेतले लोक तिच्याकडे बघून गालात हसत होते. थोरलीबाई आत गेली. मतपत्रिकेवर कंदील होता, नेहमीसारखा. त्याच्याखाली कोंबडा, रुबाबदार, पायाला काटे, अगदी हुबेहूब. हे काढणाऱ्याला काम करताना काही मजा आली नसावी, असं तिला वाटलं. तिनं शिक्का हातात घेतला आणि उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा तिला शिक्का मारायला वेळ लागला. बाहेरून अधिकारी म्हणाला, "आजी, बरं आहे ना?"

"माझं बरं आहे. तुमची मान कशी आहे?" असं म्हणून तिनं शिक्का मारला, कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकून अंगठ्यानं आत ढकलली.

दाराबाहेर लेक उभाच होता. "आई, कंदिलावरच ना?"

थोरलीबाई पायऱ्या उतरू लागली. दोन पायऱ्या झाल्यावर थांबली.

"मी काय तुझ्या बापासारखी आहे, सगळ्यांना सांगत सुटायला?"

संध्याकाळच्या प्रार्थनेत तिनं आजाऱ्यांसाठी मागितलं, प्रवाशांसाठी मागितलं, आणि पुढचं मनातल्या मनात म्हटलं. लेक आणि सून कान टवकारून बसले होते. आमेन झाल्यावर ती उठली, तसबिरीवरून पदर फिरवला, आणि पुढे होऊन तसबिरीच्या कानाशी म्हणाली, "तुम्हाला तर मुळीच नाही सांगणार."