अंगारकीला उपाशी राहिलेले इंजिन

मी हाती घेतलेल्या कामात चूक सापडणे अशक्य! गोरेगावच्या आमच्या प्राजक्त सोसायटीत ओल्या कचऱ्याच्या गॅसवर इंजिन चालवून वीज करायची आणि तिच्यावर लिफ्ट चढवायची, ही योजना माझी. तिची सोळा कलमी नियमावलीही माझीच. प्रत्येक घराच्या बादलीत काय निघाले, हे कचरा गोळा करणाऱ्या लवूने वहीत नोंदवावे, हे कलम चौथे. लिफ्ट चढली नाही तर चिटणीसपद सोडीन, असे मी भर सभेत खजिनदार विद्याधरला बजावले होते.

आरेच्या गोठ्यांतले शेण विरजणासारखे लावून टाकी सिद्ध केली. रोज ऐंशी किलो कचरा खाऊन ती गॅस देई. उद्घाटनाचा मुहूर्तही मीच काढला: अंगारकी चतुर्थी, सायंकाळी सहा! ही चतुर्थी मी तीस वर्षे निर्जळी पाळतो, हे सोसायटीत सर्वज्ञात. लबाडीचा आरोप नको म्हणून नेहमीच्या विजेच्या पेटीला कुलूप ठोकले, चावी खिशात टाकली आणि सासूबाई रत्नप्रभा व विद्याधर यांच्यासह लिफ्टमध्ये पाऊल ठेवले. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी स्टूलही घेतले.

इंजिन धडधडले. लिफ्ट चढली. आणि तिसऱ्या मजल्याच्या वर हट्टी म्हशीसारखी बसली!

"लवू, काय झाले?" मी फटीतून गर्जलो.

"गॅस सरलो, सायबानू! सगळ्या बिल्डिंगीक उपास! ऐंशी किलोच्या जागी पाच किलो केळ्याची सालां इली!"

विद्याधर हसला. "अंगारकीला कचरा मागतोस? राजीनामा इथेच लिहितोस, की बाहेर पडल्यावर?"

मी पेटलो. कोणीतरी कामचुकारपणा केला असणार! "लवू, वही वाच! मोठ्याने! एकेक घर सगळ्यांना कळू दे!"

"एकशे एक, शेंगदाण्याची फोलकटां... सातशे दोन, कांद्याची सालां आणि चार अंड्यांची टरफलां! तुमच्या नियमात टरफलां बसत नाय, म्हणान बादली परत दिलंय!"

खाली जमलेले सभासद माना वर करून फटीकडे पाहू लागले.

"जावईबापू," सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या, "सातशे दोन म्हणजे आपलंच ना? दुपारी मी देवळात, सुनंदा बँकेत. मग अंडी फोडली कोणी?"

मी फटीतून चावी खाली टाकली. "अगं सुनंदा, पेटी उघड! नेहमीची वीज लाव!"

चावी खणकली. "सापडली हो!" खालून सौभाग्यवतींचा आवाज आला. "चंद्रोदय झाला की लावते. आई, तुला बसायला आहे ना?"

"आहे गं! सावकाश लाव!"

"वहिनी, अहो पण मी काय पाप केलंय?" विद्याधर दारावर थापा मारू लागला.

चंद्रोदय नऊ वाजून चौदा मिनिटांनी होता. मुहूर्त काढताना पंचांगात मीच तो दोनदा पडताळून पाहिला होता.