परब सिस्टर आणि पिवळा दिवा

आमच्या नवजात अतिदक्षता विभागात संगणकाचं नवं यंत्र आलं, त्या दिवशी परब सिस्टरांनी त्याच्यासाठी देवाला गाऱ्हाणं घातलं. नारळ दाराबाहेर ठेवला, कारण आत चपलासुद्धा चालत नाहीत. "बा म्हाराजा, ह्या नव्या पाव्हण्यान पोरांका राखूचा, आणि आमच्या डोक्यार बसूचा नाय रे म्हाराजा." आम्ही सगळ्या नर्स "व्हय म्हाराजा" म्हणालो. पुण्याहून आलेले डॉक्टरही म्हणाले. आपण कशाला होकार दिला, ते मी त्यांना नंतर समजावलं.

परब सिस्टर आमच्यात सगळ्यात जुन्या, एकट्या राहणाऱ्या, निवृत्तीला वर्षभर उरलेलं. बाळांना त्या गावाच्या नावाने ओळखत. "देवबागान आज दूध पचवल्यान," असं त्या म्हणत आणि आम्हाला कळे. बाळाची तब्येत बघायची त्यांची रीत एकच, उलट्या हाताने तळपाय चाचपायचे. "पाय सांगतत गो," हे त्यांचं वैद्यकशास्त्र, आणि ते सहसा खोटं ठरत नसे.

नवं यंत्र मात्र पाय बघत नव्हतं. ठोके, श्वास, तापमान यांवर लक्ष ठेवून ते जंतुसंसर्गाची शंका काही तास आधीच सांगे. एरवी हिरवा दिवा, शंका आली की पिवळा लागे, आणि नर्सने 'सहमत' किंवा 'असहमत' दाबून कारण लिहायचं. परब सिस्टर कायम असहमत. कारण : 'पाय गरम'. डॉक्टरांनी विनवलं, सिस्टर, जरा सविस्तर लिहा. दुसऱ्या दिवशीपासून त्या लिहू लागल्या : 'दोन्ही पाय गरम'.

एका दुपारी देवबागवर पिवळा दिवा लागला. साडेअकराशे ग्रॅमचा जीव. सिस्टरांनी पाय चाचपले, असहमत दाबलं आणि चहाला गेल्या. पण कप तसाच ठेवून परत आल्या. काचेपाशी उभ्या राहिल्या. पुन्हा पाय चाचपले. मग मला म्हणाल्या, "चेडवा, डॉक्टरांका बोलव."

"पाय थंड झाले काय?"

"गरमच आसत. तरी बोलव."

रिपोर्टात संसर्ग निघाला. औषध वेळेवर सुरू झालं आणि देवबाग वाचला. डॉक्टरांनी सिस्टरांचं तोंडभर कौतुक केलं. पण सिस्टर दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. यंत्राने नाक कापलं म्हणून रुसल्या, असं आम्ही धरून चाललो. माझंही तेच मत होतं, आणि त्याची आज लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी त्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "जुन्या पोरांचा सांगूक येता काय ह्येका?"

नव्या नर्सना शिकण्यासाठी यंत्रात हाताने आकडे भरायची सोय होती. मी हो म्हटलं. त्या सांगू लागल्या. देवगडची मुलगी, एक हजार चाळीस ग्रॅम, पंचवीस वर्षांपूर्वीची, आई दाराबाहेर बसलेली. बारा वाजताचे हृदयाचे ठोके, एकचे, दोनचे, श्वास, तापमान. कागद नाही, काही नाही, सगळं तोंडपाठ. "दोनाक पाय गरम होते. मी आवशीक सांगलय, पोर बरा आसा. चाराक गेला."

मी आकडे भरले. बारा वाजल्यापासूनच पिवळा दिवा लागला. मी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"यंत्र काय सांगता?"

"काही नाही सिस्टर. हिरवा."

"तुका खोटा बोलूक येणा नाय," त्या म्हणाल्या. "तिची आवस अजून आंब्यांची पेटी धाडता. 'माझ्या चेडवाक शेवटपर्यंत तुम्ही हात लावन होत्यात,' असा म्हणता ती. त्यातलो एक आंबो माझ्या घशाखाली उतरूक नाय. सगळे वाटून टाकतंय."

मला रडू आलं. त्या काळी असलं यंत्र कुठेच नव्हतं, तुम्हाला कसं कळणार, असं मी पुष्कळ समजावलं. त्या मान डोलवत राहिल्या, तापातल्या पोराचं बोलणं ऐकावं तशा.

वैशाखात त्यांनी मला घरी बोलावलं. देवगडची पेटी आली होती, सुतळीही सोडलेली नव्हती. मी सोडली. सिस्टरांनी एक आंबा धुतला, कापला, एक फोड मला दिली. दुसरी हातात धरून बसल्या, आणि मग खाल्ली.