सोबतीखात्याच्या पहिल्या सत्काराची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न, खडू-फळा प्रसन्न, मधल्या सुटीची घंटा विशेष प्रसन्न. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, आषाढ मासी, एका माध्यमिक राज्यात जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहावयाचे प्रयोजन नाही. आठवी, नववी, दहावी ऐसे तीन सुभे, आणि गादीवर मुख्याध्यापिका काटदरेबाई. हुजुरांच्या ध्यानी आले की मुले हजेरी देतात, परंतु मनातले कोणास सांगत नाहीत. मग हुजुरांनी सोबतीखाते स्थापिले, आणि नववीच्या सुभ्यातील शर्वाणी बेलसरे हीस बिल्ला देऊन आज्ञा केली की, "जे येईल त्याचे ऐकावे आणि पोटात ठेवावे, जिवावरचे काही असेल तर मात्र तडक मजकडे यावे." शर्वाणी पुस्तकात नाक खुपसून बसणारी. हे आपल्याने व्हावे कैसे, ऐसे म्हणून ती बिल्ला लावी आणि काढी, काढी आणि लावी. मधल्या सुटीत कट्ट्यावर बसून राही, आणि कोणी येईना.

मग एके दिवशी आठवीचा पुष्कर नाईकवाडे आला आणि खाली पाहून बोलिला, "ताई, हसणार नाहीस ना? सर 'वाच' म्हणाले की माझ्या घशातून कोंबडाच निघतो. सगळा वर्ग आरवतो मग. मराठीच्या तासाला मी टाकीमागे लपतो. आता शाळाच सोडतो. मामाचं गॅरेज आहे." शर्वाणीस हसू आले, ते तिने गिळिले आणि म्हणाली, "माझ्या दादाचा आवाज वर्षभर फाटका होता." "आणि आता?" "आता लग्नात मंगलाष्टका म्हणतो. थांबवावा लागतो." तेव्हा पुष्करच हसला, आणि नाव फुटणार नाही ऐसे वचन घेऊन, सोमवारपर्यंत शाळा न सोडण्याचे कबूल करून गेला.

इतक्यात सोबतीखात्याकडे कोणी तरी येऊन गेले, एवढीच कुणकुण उपमुख्याध्यापक शिंत्रे सरांस लागली. सर राज्याचे दिवाण, मनाचे निर्मळ. परंतु या राज्यात काही बरे घडले की सत्कार करावा, ऐसा रिवाज. शनिवारी पाहुणे यावयाचे होते. सरांनी बेत केला की, पहिले दुःख सांगणाऱ्यास भर सभेत शाल-श्रीफळ द्यावे. मग शर्वाणीस गाठून म्हणाले, "बाळ, नाव सांग. शालीची साईज बघायची आहे फक्त."

"सर, शालीला साईज नसते."

"बरं, आठवीतला का? नुसती मान हलव."

शर्वाणीने मान ताठ ठेविली, ती दुखू लागली तरी हलविली नाही. शनिवारी सभा भरली, पहिले दुःख सांगणाऱ्याचा सत्कार पुकारला गेला, मेजावर शाल दिसली, आणि आठवीच्या रांगेत पुष्कर पांढराफटक पडून फाटकाकडे पाहू लागला. शर्वाणीने ते पाहिले. आता हा गेला तर परतून यावयाचा नाही, हे ती जाणून होती. नाव आता सभेतच सांग, म्हणून सरांनी तीस मंचावर बोलाविले. माइक धरून ती हुजुरांकडे वळली आणि बोलिली, "बाई, ते नाव मी सांगणार नाही. पण मला फार भीती वाटतेय. ती कुणाला तरी सांगावी, म्हणून तुम्हाला सांगते."

हुजूर उठल्या, पोरीच्या पाठीवर हात ठेविला आणि म्हणाल्या, "शिंत्रे सर, चूक आपली. नाव कुणी विचारायचं नाही." मग हाती श्रीफळ आणि सत्कारास माणूस नाही, ऐसा बाका प्रसंग राज्यावर आला. तो पाहुण्यांचा सत्कार करून निभावला. पाहुण्यांस त्याची सवय होती.

सोमवारी पुष्कर टाकीमागे गेला नाही. मराठीच्या सरांनी वाचावयास सांगताच उभा राहिला. कोंबडा दोनदा आरवला, वर्ग हसला, आणि "तिसऱ्यांदा पैसे पडतील," म्हणून पुष्करही हसला. हे सारे पुढे त्याने आपल्याच तोंडे सांगितले, म्हणून येथे लिहिले. त्या सुटीत शर्वाणीच्या कट्ट्याशी तिन्ही सुभ्यांची रांग लागली. रांगेच्या शेवटी शिंत्रे सर उभे. म्हणाले, "बाळ, दोन मिनिटं आहेत का?"

एकंदरीत राज्य सुखी जाहले आणि सोबतीखाते चालीस लागले. सर काय बोलिले ते या बखरीत नाही. शर्वाणीस पुष्कळ विचारिले. तिने सांगितले नाही.