समुद्रगायींची समाधानकारक वाढ

कोणताही प्राणी दुर्मिळ झाल्याशिवाय माणसाचं त्याच्यावर खरं प्रेम बसत नाही. आमच्या बेटावर ते जरा उशिरा बसलं, पण एकदा बसल्यावर उठायचं नाव घेईना.

इतिहास थोडक्यात असा. समुद्रगाय म्हणजे उथळ खाडीच्या तळाशी गवत चरणारं आणि श्वासापुरतं वर येणारं लठ्ठ, लाजाळू जनावर. तिला मासा म्हणावं की जनावर, यावर आमच्या पूर्वजांत मोठा वाद होता. वाद अत्यंत अभ्यासपूर्ण असे आणि तो बहुधा जेवताना चाले (ताटात काय असे, ते सांगायला नको). निकाल लागेपर्यंत आमच्या खाड्यांत पुराव्यादाखल एकच गाय उरली, तीही गाभण.

तेव्हा संवर्धन समिती स्थापन झाली. अध्यक्षपदी निवृत्त दंतवैद्य आले, कारण समोरच्याला बोलू न देण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. चिटणीस मी. समितीने तातडीने गायीचं बोधचिन्ह, गायीचं गीत आणि गायीचा पुतळा तयार करवून घेतला. (पुतळा गायीपेक्षा बराच मोठा आहे. खरी गाय पाहून लोक नाराज होत.) खाडीवर शांतता राखावी, अशी सूचनाही दिवसभर कर्ण्यावरून देण्यात येऊ लागली.

मग गणती झाली. आमची बोट उत्तरेच्या खाडीत शिरली, तशी गाय घाबरून पूर्वेच्या खाडीत पळाली. बोट पूर्वेला गेली, गाय पश्चिमेला. अशा रीतीने तिन्ही खाड्यांत एकेक गाय आढळली आणि संख्या तिप्पट झाली. एका दुपारीत एवढी प्रगती दुसऱ्या कोणत्याही प्राण्याने केल्याचं समितीच्या ऐकिवात नाही.

ही वाढ पाहायला पाहुणे लोटले. पाहुण्यांसाठी बोटी वाढल्या. बोटींच्या पंख्यांनी तळाचं गवत मुळासकट उपटलं, तेव्हा समितीने गांभीर्याने विचार करून सगळ्या बोटींना हिरवा रंग दिला.

अध्यक्षांच्या आत्याची स्वयंपाकघराची खिडकी खाडीवर उघडते. एके दिवशी ती तिथूनच ओरडली, "अरे मेल्यांनो, बाळंतीण आहे ती! पिल्लू आहे पोटाशी. दोन घास सुखानं खाऊ द्या की तिला!"

"पिल्लू?" अध्यक्ष हरखून म्हणाले. "अगं आत्या, म्हणजे तिन्ही खाड्यांत मिळून सहा झाल्या!"

"चुलीत घाल तुझा आकडा," आत्या म्हणाली आणि तिने खिडकी आपटून लावली.

अभिनंदनाचा ठराव मंजूर झाला आणि गाय दिसेनाशी झाली. ती आता स्वावलंबी झाली, असा समितीने अर्थ लावला. मला मात्र खरोखर वाईट वाटलं. अंगावर पिणारं पिल्लू घेऊन, उपाशीपोटी ती कुठे भटकत असेल, या विचाराने घास गोड लागेना.

परवा आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, की दोघंही सुखरूप आहेत. भरपूर गवताची, बोटी न फिरकणारी एक जागा तिला सापडली आहे. "कुणाला बोललास तर याद राख. माझ्या भाच्याला तर मुळीच नाही."

तुम्हाला सांगायला माझी हरकत नव्हती. तुम्ही सुज्ञ, निसर्गप्रेमी. इतका वेळ आमच्या समितीला हसत होतात. पण जागा सापडली म्हणताच तुमच्या मनात पहिला प्रश्न आला तो 'कुठे?' हाच, आणि दुसरा, तिथे जायचं कसं.

समितीत एक पद रिकामं आहे. या.