ओरडेल तो मालक

ग्रोव्हर कोंदोरीने गुरुवारी संध्याकाळीच छातीठोकपणे सांगून टाकलं होतं की उद्या दुपारी बाराच्या आत या डेटा सेंटरमधल्या प्रत्येक खिळ्याला नाव असेल.

"खिळ्याला नाव कशाला हवंय बाबा?" दोन्या झुल्मा म्हणाल्या. "यंत्रांना मिळालं तरी पुष्कळ झालं."

दोन्या म्हणजे तिकडच्या भाषेत बाईसाहेब, आणि दोन्या झुल्मा म्हणजे इथल्या मालकीणबाई. कोचाबाम्बा शहरात, कोंबडी तळून विकणाऱ्या एका हॉटेलच्या वर त्यांचं हे छोटंसं डेटा सेंटर. धंदा सरळ. लोकांनी आपापले सर्व्हर इथे आणून ठेवायचे, झुल्माबाईंनी थंड हवा, वीज आणि इंटरनेट पुरवून भाडं घ्यायचं. सर्व्हरचं वसतिगृहच म्हणा ना. आणि या वसतिगृहाचा रेक्टर ग्रोव्हर.

आता वसतिगृहात कोण राहतं, हे रेक्टरला माहीत असावं की नाही? पण ग्रोव्हरच्या आधी जो लिम्बेर होता, त्याने एका अक्षराची नोंद ठेवली नव्हती. सगळं त्याच्या डोक्यात असायचं, आणि दूर इकिके शहरात नोकरी लागल्यावर ते डोकं तो बरोबर घेऊन गेला. मागे उरली केबलींची जत्रा. कोणती कुठून निघते, कुठे जाते, ते पाचामामालाच, म्हणजे धरणीमातेलाच, ठाऊक.

इतके दिवस कुणाचं अडलं नव्हतं. पण आता बसवाल्यांची पतपेढी आपली सगळी यंत्रं इथे ठेवायचा विचार करत होती. शुक्रवारी दुपारी त्यांच्या बेत्साबे मॅडम पाहणीला येणार होत्या. पतपेढी आली, तर ग्रोव्हर कायम होणार, दारावर त्याच्या नावाची पाटी लागणार. नाही आली, तर झुल्माबाईंनी स्वच्छच सांगितलं होतं, "मग ही खोली मी खालच्या हॉटेलला देते. त्यांना कोंबड्या गार ठेवायला जागा हवीच आहे."

आणि ग्रोव्हरला सासऱ्यांच्या दुकानात जावं लागणार होतं. सासरे सेनोन यांचं ला कांचाच्या बाजारात प्लास्टिकच्या टबांचं आणि बादल्यांचं दुकान. जावयासाठी त्यांनी एक निळा एप्रन खुंटीला टांगूनच ठेवला होता. दर रविवारी शेंगदाण्याच्या सूपचा पहिला चमचा तोंडात गेला की ते विचारायचे, "काय इंजिनिअर, एप्रन धुऊन ठेवू का?" त्या सूपची चव ग्रोव्हरला आजवर कळलेली नव्हती.

म्हणून आठवडाभर तो नुसता झपाटला होता. प्रत्येक यंत्राचा फोटो, प्रत्येक केबलीला पट्टी. वीज असेल तर लाल, नेटवर्क असेल तर निळी, गिऱ्हाइकाचं यंत्र असेल तर पिवळी. आणि मालकच सापडत नसेल तर हिरवी. पट्ट्या छापायचं यंत्र हातात आल्यापासून तर त्याला आवरणं कठीण झालं होतं. त्याने खुर्चीला पट्टी लावली, आग विझवायच्या नळकांड्याला लावली, झुल्माबाईंच्या जेवणाच्या डब्यालाही पिवळी पट्टी लावून मोकळा झाला. भिंतीवर त्याने सगळ्याचा एक मोठा रंगीत नकाशा टांगला. तो नकाशा बघायला तो स्वतःच दिवसातून चारदा जायचा.

त्या नकाशावर एकच डाग होता. हिरव्या पट्ट्या. सर्वांत जास्त खुपत होता तिसऱ्या रॅकच्या तळाशी बसलेला एक करडा डबा. नाव नाही, गाव नाही, पंखा मात्र अखंड फिरतोय. त्यातून एक बारीक केबल निघून फरशीखाली जायची आणि तिथल्या गुंत्यात दिसेनाशी व्हायची.

शुक्रवार उजाडला. तोही साधा शुक्रवार नव्हे, कार्निव्हलचा. त्या दिवशी झाडून सगळ्या कचेऱ्यांत चाल्या नावाची पूजा होते. टेबलांना, यंत्रांना रंगीत कागदी फिती बांधायच्या, फुलांच्या पाकळ्या आणि कागदाचे रंगीत तुकडे उधळायचे, चिचा, म्हणजे मक्याची दारू, आधी जमिनीवर पाचामामाला शिंपडायची आणि मग आपण प्यायची. झुल्माबाई सकाळीच धुपाटणं घेऊन जिना चढू लागल्या.

"वर धूर नको, दोन्या," ग्रोव्हर आडवा आला. "जरा धूर झाला की छतातून आग विझवायचा गॅस सुटतो. मग यंत्रं वाचतील, आपण नाही."

"अरे, पण पाचामामा रागावली तर?"

"तिला मी माझा नकाशा दाखवीन."

झुल्माबाई पुटपुटत खाली गेल्या. "अंगणात करते मग. पण जिन्याकडे जाणारा एकही माणूस माझ्या हातून कोरडा सुटायचा नाही, सांगून ठेवते." मोबाइल त्यांनी बंद करून पर्समध्ये टाकला, कारण पाचामामासमोर फोनवर बोलत बसणं बरं दिसत नाही. जिन्याखाली ऑफिसचा फोन होताच. तक्रार करायची तर त्याच नंबरवर, हा ग्रोव्हरचाच नियम. रेडिओवर कार्निव्हलची गाणी लावून बाई माठात चिचा ओतू लागल्या.

वर ग्रोव्हर करड्या डब्यासमोर उकिडवा बसला. या धंद्यात बेवारस यंत्राचा मालक शोधायची जगभर एकच रीत आहे. केबल उपटायची आणि वाट बघायची. ओरडेल तो मालक. ग्रोव्हरने देवाचं नाव घेतलं आणि डब्याची विजेची केबल उपटली.

पंखा थांबला. ग्रोव्हर कान देऊन बसला. मग खिडकीतून डोकावून त्याने विचारलं, "दोन्या, फोन वाजला का?"

"नाही रे."

बराच वेळ जाऊ दिला, पुन्हा विचारलं. फोन गप्पच. ग्रोव्हर हसला. म्हणजे लिम्बेरने फुकटची वीज खाणारं भंगार पोसलं होतं तर. त्याने डब्यावर ठसठशीत लिहिलं, 'बेवारस, कामाचा नाही.'

एकदा वाघाला रक्ताची चटक लागली की काय होतं ते तुम्ही जाणताच. शेजारच्या रॅकमध्ये आणखी एक हिरवी पट्टी होती. तीही केबल उपटली. नेमका त्याच वेळी अंगणातला रेडिओ मुका झाला. झुल्माबाईंनी त्याला दोन थपडा मारल्या आणि दुसरं स्टेशन लावलं.

"फोन?" ग्रोव्हरने वरून विचारलं.

"शांत आहे रे! सणाचा दिवस, कोण कशाला मरायला फोन करतोय?"

मग तिसरी, मग त्याच्या खालची. एक उपटायची, खिडकीतून विचारायचं, "नाही" ऐकायचं, पुढची उपटायची. अकरा वाजेपर्यंत हिरवी पट्टी असलेलं एकही यंत्र चालू राहिलं नव्हतं. खोली इतकी शांत झाली की ग्रोव्हरला स्वतःच्या पोटातली गुडगुड ऐकू येऊ लागली. इतकी वर्षं लोक भंगाराला गार हवा घालत होते आणि हे कळायला ग्रोव्हर कोंदोरीच यावा लागला! पाटीवर नाव कोणत्या रंगात घ्यावं, याचा तो विचार करू लागला.

अंगणात मंडळी येऊ लागली होती. पहिला धापा टाकत आला सिरो व्हिल्का, रेडिओ स्टेशनचा मालक. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात झुल्माबाईंनी कागदाच्या तुकड्यांची एक मूठ त्याच्या डोक्यावर उधळली. त्यातली अर्धी तोंडात गेली. तो खोकतोय तोवर गळ्यात फितींचा हार पडला आणि हातात चिचाने भरलेला भोपळ्याचा वाडगा आला.

"सिरो, किती बरं वाटलं तू स्वतः आलास!"

"दोन्या, माझं—"

"आधी पाचामामाला. मग बोल."

आता पाचामामाला नाही कोण म्हणणार? सिरोने जमिनीवर चिचा शिंपडली, उरलेली प्यायला. तो तोंड पुसतो न पुसतो तोच औषध दुकानांच्या मालकीण दोन्या नेल्फा येऊन थडकल्या, लालबुंद होऊन. त्यांनाही हार, त्यांनाही वाडगा. त्यांच्यामागे आणखी दोघंतिघं. आणि याच गर्दीत, फाइल छातीशी धरून, पतपेढीच्या बेत्साबे मॅडम आल्या.

ग्रोव्हर जिना उतरून पुढे धावला. मॅडमना हार पडला, चिचा मिळाली. त्यांनी रीतीने शिंपडून घोटभर घेतली आणि चहूकडे बघितलं. "बरीच गर्दी आहे."

"आमची गिऱ्हाइकं," झुल्माबाई अभिमानाने म्हणाल्या. "सणाला न बोलावता येतात. घरच्यासारखं आहे आमचं."

"आणि मॅडम," ग्रोव्हरने संधी साधली, "आज सकाळपासून एक तक्रार नाही. एकसुद्धा नाही. नोंदी चोख असल्या की असं होतं. चला, नकाशा दाखवतो."

"तक्रार नाही?" सिरोच्या दाढीतून एक गुलाबी कागद गळून पडला. "अहो इंजिनिअर, कार्निव्हलच्या शुक्रवारी माझं स्टेशन मुकं आहे! गावात लोक रेडिओला थपडा मारतायत!"

झुल्माबाईंनी आपल्या रेडिओकडे अपराधी नजरेने बघितलं.

"माझ्या दुकानात बिल निघेना," दोन्या नेल्फा म्हणाल्या. "औषधाला माणसं रांगेत उभी आहेत. आणि फोन का उचलत नाही तुम्ही लोक? बोटं दुखली माझी."

"फोन वाजलाच नाही," झुल्माबाई म्हणाल्या. "मी सकाळपासून इथेच तर बसलेय."

ग्रोव्हरने जिन्याखालचा फोन उचलून कानाला लावला. आत काहीही नव्हतं. रिंग नाही, खरखर नाही. त्याची नजर फोनच्या मागून निघालेल्या बारीक केबलीवर गेली. ती भिंतीवरून वर चढत होती, छतातून थेट त्याच्या खोलीच्या फरशीखाली. आणि तिथून ती कुठे जाते, हे आता सगळ्या कोचाबाम्बात फक्त त्यालाच माहीत होतं.

ओरडणारे सकाळपासून जीव तोडून ओरडत होते. ओरडा ज्या करड्या डब्यातून फोनपर्यंत यायचा, त्याचीच केबल ग्रोव्हरने सर्वांत आधी उपटली होती.

"एक मिनिट," असं म्हणून तो तीन-तीन पायऱ्या ओलांडत वर पळाला. मागोमाग सगळी वरात. फिती पायात अडकतायत, चिचा सांडतेय, आणि जो तो बोट दाखवून सांगतोय, "हे माझं!" "अहो ते नव्हे, त्याच्या खालचं माझं!" ग्रोव्हर एका हाताने केबली खुपसत होता आणि दुसऱ्या हाताने, सवय जाईना म्हणून, पिवळ्या पट्ट्या लावत होता. पंखे एकेक करून फिरू लागले. अंगणात रेडिओवर गाणं सुरू झालं, तशी सिरोने हार काढून कपाळाचा घाम पुसला.

शेवटची हिरवी पट्टी निघाली. ग्रोव्हरने नकाशाकडे बघितलं आणि, खरं सांगायचं तर, त्याला पुन्हा जोर चढला.

"मॅडम, बघा," तो म्हणाला. "आता एकही यंत्र बेवारस नाही. बारा वाजता यादी पूर्ण. म्हटल्याप्रमाणे."

बेत्साबे मॅडमनी नकाशा शांतपणे वाचला. केसांतले कागदाचे तुकडे काढले. मग फाइल उघडून सह्या झालेला एक कागद वर काढला.

"नोंदी फार सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. "आमच्या समितीने कालच करारावर सह्या केल्या. आमच्याकडेही आज चाल्या आहे, म्हणून ठरलं की पाहणी नको, फोनवर कळवून टाकू. मी सकाळपासून फोन करतेय. उचलेना कोणी. म्हटलं, काही झालं तर नाही ना, जाऊन बघून यावं."

त्यांनी कराराचा तो कागद न देताच परत फाइलीत ठेवला आणि फाइल मिटली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ग्रोव्हरने स्वतःच्या हाताने, केबल उपटून उघडली होती. उरलेली चिचा झुल्माबाईंनी सगळीच्या सगळी जमिनीवर ओतली, आणि त्या हॉटेलवाल्याशी बोलायला खाली निघून गेल्या.

मंगळवारी दुकानांची चाल्या. निळा एप्रन ग्रोव्हरला अगदी मापात बसला. टबांना कागदी फिती बांधता बांधता त्याला कोपऱ्यात एक मोठं हिरवं पिंप दिसलं. चिठ्ठी नाही, किंमत नाही, कुणाचं काही कळेना. त्याचा हात आपसूक तिकडे गेला.

"राहू दे ते," गल्ल्यावरून सासरे म्हणाले. "इथे ओरडणारा समोर बसलाय."