बोईनवाड सरांचं मागणं

मारुतीपुढं लोक नवस बोलतात. आमचे बोईनवाड सर अर्ज करायचे. शाळेत जाताना नाक्यावरच्या देवळात हात जोडून, खणखणीत आवाजात: "अर्जदार गंगाधर बोईनवाड, मराठीचा मास्तर, मुक्काम नांदेड. पाऊस पाहिजे. रानात आन् धरणात. माझ्या पत्र्यावर न्हाई. पंचमीच्या आत, पूर न आणता. कळावे." मागची माणसं खोळंबायची. मी शेजारी हसू दाबत उभा.

आम्ही एकाच शाळेत, मी गणिताचा. एकदा स्टाफरूममध्ये वैतागून म्हणालो, "देवा, बदली होऊ दे एकदाची." सर डबा सोडून ओरडले, "कुठं, ते सांगा की! अर्धवट मागू नका!" त्या वर्षी माझी बदली पार जंगलातल्या इस्लापूरला होता होता राहिली. तेव्हापासून मीही तोंड सांभाळतो.

हे वेड एका गोष्टीतून आलेलं. दरवर्षी नववीला ते ती शिकवत. डोहातला मासा एका बापाला एक वर देतो. बाप म्हणतो, माझी लेक सगळ्यांहून उंच होऊ दे. लेक वाढत वाढत ढगांच्या वर जाते, आणि बापाला तिचे पाय तेवढे दिसत राहतात.

गाईडात आशय दिला होता, 'लोभ वाईट'. सर ती ओळ पोरांकडून खोडून घ्यायचे. "लोभ कुठं हाय इथं? मायाच हाय की! आशय माशाच्या तोंडी शोधू नका, शेवटच्या ओळीतबी न्हाई. बापाचं मागायचं काय राहून गेलं, तिथं बघा."

हे इतक्या पोटतिडकीनं का, ते मला ठाऊक होतं. त्यांची एकुलती लेक शुभांगी. दहावीनंतर तिला लातूरला क्लाससाठी ठेवलं, दोन वर्षं होस्टेलात. सल्ला माझाच. तिचे मार्क बघून मीच म्हणालो होतो, "इथं ठेवून पोरीचं वाटोळं करू नका." त्याचं मला आजही वाईट वाटतं. सरांनी मारुतीला मागितलं, डॉक्टरीला पहिल्या झटक्यात नंबर लागू दे. लागला. आता ती आसामात डॉक्टर आहे. रविवारी फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते आणि ठेवते. ती पुन्हा पहिल्यासारखी बोलावी, एवढंच सरांना हवं होतं. पण त्याचा अर्ज काही त्यांना जमत नव्हता.

यंदा निवृत्तीआधी त्यांनी ती गोष्ट शेवटची शिकवली. मी व्हरांड्यात उभा होतो. एका मुलीनं विचारलं, "सर, मग त्या बापानं काय मागायला पाहिजे होतं?"

सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. "मागायचंच न्हाई," ते म्हणाले. "आधी लेकीला विचारायचं, तुला काय पाहिजे."

तास सुटल्यावर स्टाफरूममध्ये त्यांनी फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर. "शुभे, लातूरला व्हतीस तवा तुला काय पाहिजे व्हतं गं?"

मी उठून जायला हवं होतं, बसून राहिलो.

"महालक्ष्म्यांच्या सणाला घरी यायचं होतं, बाबा. दोन्ही वर्षं. मी सांगितलं होतं की तुम्हाला."

"हाव," सर म्हणाले. "सांगितलं व्हतंस."