कोरड्या शिट्टीबाई

"बाई, तुम्हाला स्वतःला पोहता येतं का हो?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली आणि भिंगरीने ती हसत हसत घेतली! नववीत गेल्यापासून तिचा आत्मविश्वास नुसता उतू जात होता. सार्वजनिक तलावावरच्या शिट्टीबाईंनी उभा जन्म घालवून अख्ख्या गावाला पोहायला शिकवलं होतं. भिंगरीच्या बाबांनासुद्धा! पण खुद्द बाईंना ओलं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. गळ्यात शिट्टी, हातात लांब बांबू आणि काठावरून येरझाऱ्या! सुट्टीत छोट्यांना शिकवायला त्यांना मदतनीस हवी होती, आणि ती जागा भिंगरीला काहीही करून हवी होती. म्हणजे प्रश्न जरा जपूनच विचारायला हवा होता. तिने तो पोहता पोहता, सगळ्यांदेखत, ओरडून विचारला.

"पाय मार," बाई म्हणाल्या. "गुडघे वाकतायत."

हे काय उत्तर झालं?

"मी बुडायचं नाटक करते," भिंगरी मैत्रिणींच्या कानात कुजबुजली. "बाईंना उडी मारावीच लागेल. बघाच तुम्ही!"

ती खोल पाण्यात गेली, हात वर केले आणि किंचाळली, "वाचवा!"

बाईंनी लांब शिट्टी फुंकली. आता बाईंची शिकवणच अशी, की लांब शिट्टी ऐकली की हातातलं टाकायचं आणि पाण्यात उडी घ्यायची. आणि पोहता तर सगळ्यांनाच येत होतं! दातांचे डॉक्टर अर्धवट चढवलेल्या विजारीत धावले. तिकीटवाले काका खिडकीतूनच झेपावले. लेकीला न्यायला आलेले बाबा तर बूट, टाय, चष्म्यासकट! तलावात पाणी कमी, माणसं जास्त! डॉक्टरांनी काकांना वाचवलं, काकांनी पोस्टमनला, आणि बाबा "माझी पोर! माझी पोर!" करत डॉक्टरांचीच मान धरून ओढत होते. त्या रेटारेटीत भिंगरी आता खरोखरच गटांगळ्या खायला लागली!

समोर बांबू आला.

"धर," बाई म्हणाल्या, आणि तिला काठावर ओढलं. स्वतः पार कोरड्या!

"माझा चष्मा!" बाबा ओरडले. चष्मा तळाशी.

बाईंनी बांबू भिंगरीच्या हातात दिला, शिट्टी तिच्या गळ्यात अडकवली आणि सूर मारला. लोण्यात सुरी जावी तसा! शिंतोडासुद्धा उडाला नाही. भिंगरी आ वासून बघत राहिली. बाई वर आल्या त्या चष्मा उंचावून, आणि ओरडतच.

"माझ्याकडे काय बघतेस? उथळ पाण्यातल्या छोट्यांकडे बघ! म्हणून मी उतरत नाही. पाण्यात शिरलं की एकच माणूस दिसतो. काठावरून सगळे दिसतात."

गेली जागा! भिंगरी मान खाली घालून शिट्टी काढायला लागली.

"राहू दे गळ्यात," बाई केस पिळत म्हणाल्या. "उद्या सकाळी ये. आणि पुन्हा नाटक केलंस, तर हाच बांबू पाठीत!"

घरात शिरता शिरताच भिंगरीने जाहीर केलं, "आई, बाबा, मी ठरवलंय! मी जन्मभर काठावर उभी राहणार!"

"राहा की," बाबा टॉवेलमधून शिंकत म्हणाले. "फक्त मी बूट काढेपर्यंत शिट्टी वाजवू नकोस!"